धीराच्या कविता कात्री न लावता छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

धीर देणाऱ्या गाजलेल्या कवितांची पानभर निवड आपण रविवारच्या पुरवणीत छापलीत, त्याबद्दल आधी आभार. वर्तमानपत्रात कवितेला एवढी ऐसपैस जागा मिळणे आता नवलाईचेच झाले आहे. निवडीबद्दल प्रत्येकाचे मत निराळे असणार, त्यावरून भांडायला मी बसलेलो नाही. माझी तक्रार कात्रीबद्दल आहे. जवळजवळ प्रत्येक कवितेच्या दोन-चार ओळीच पानावर आल्या, आणि त्याही नेमक्या छाती फुगवणाऱ्या. मूळ कवितांमध्ये त्या ओळींच्या आधी जे भय, जे नुकसान, जी लाज आहे ती सगळी गाळली गेली. ती गेल्यावर उरते ती घोषणा, आणि घोषणा द्यायला फारसे धैर्य लागत नाही.

कुसुमाग्रजांची 'कणा' घ्या. आपण शेवटची ओळ छापली: 'पाठीवरती हात ठेवून, फक्त लढ म्हणा'. भाषणाच्या शेवटी, शुभेच्छापत्रांत, भिंतीवरच्या फलकांवर ही ओळ इतकी वापरली जाते की ती हुकमासारखी ऐकू येऊ लागली आहे. कवितेत ती विनंती आहे, आणि पुरात सगळे गमावून बसलेला माणूस ती करतो आहे. भर पावसात, चिखलाने माखलेल्या कपड्यांनिशी तो जुन्या शिक्षकांच्या दारात येतो. पुराची हकीकत सांगताना रडत नाही की दात-ओठ खात नाही. गंगामाई घरी पाहुणी आली, माहेरवाशीण पोरीसारखी चार भिंतींत नाचली, असे थट्टेच्या सुरात सांगतो. भिंत खचली, चूल विझली. बायको वाचली, तिला बरोबर घेऊन तो आता गाळ काढतो आहे, पडकी भिंत बांधतो आहे. ते ऐकता ऐकता सरांचा हात नकळत खिशाकडे जातो.

माझ्या मते सगळी कविता या खिशाकडे गेलेल्या हातात आहे. सर चांगले आहेत, मदत करू पाहतात, पण विद्यार्थी कशासाठी आला आहे ते त्यांना उमगलेले नाही. तो हसत उठतो आणि म्हणतो, पैसे नकोत सर, जरा एकटेपणा वाटला. संसार वाहून गेल्याचे दुःख हसत सांगणारा हा माणूस 'मला एकटे वाटले' हेही तितक्याच सरळपणे सांगतो. इतके सोपे आणि इतके अवघड वाक्य मराठी कवितेत दुसरे सहजी सापडायचे नाही. त्याचा कणा मोडलेला नाही हे आपल्याला इथे पटते; पुढे तो तसे तोंडाने सांगतो तेव्हा ते आधीच सिद्ध झालेले असते. आपण सिद्धता गाळली आणि निष्कर्ष तेवढा छापला.

'वेडात मराठे वीर दौडले सात' या कवितेचेही तेच झाले. उमराणीला हाती आलेल्या बहलोलखानाला प्रतापराव गुजरांनी सोडून दिले, खान पुन्हा उलटला, शिवाजी महाराजांचा ठपका त्यांच्या जिव्हारी लागला आणि फेब्रुवारी १६७४ मध्ये नेसरीला ते मोजक्या साथीदारांनिशी खानाच्या फौजेवर तुटून पडले, हा इतिहास बहुतेकांना ठाऊक आहे. म्हणजे या धावेच्या मुळाशी एक चूक आहे आणि त्या चुकीची बोच आहे. युद्धनीतीने पाहिले तर सात जणांनी फौजेवर जाणे हा आततायीपणा, आणि कवीला हे पुरते माहीत आहे. त्यांनी 'वेड' हा शब्द कवितेच्या पहिल्याच ओळीत ठेवला आहे, प्रतापरावांचे डोळे 'किंचित ओले' झालेले दाखवले आहेत, आणि शेवट तर जयघोषाने केलेलाच नाही. वाऱ्यावर अजून कुणी विराणी गाते आहे, तिथे कविता थांबते. वाचणाऱ्याच्या अंगावर काटा येतो तो या विराणीने. आपण धावेच्या ओळी घेतल्या आणि विराणी सोडून दिली.

गंमत अशी की याच जातीची एक जगप्रसिद्ध इंग्रजी कविता आपल्याच पानावर शेजारी होती, टेनिसनची 'चार्ज ऑफ द लाइट ब्रिगेड'. ही कविता तर जन्मलीच मुळी वर्तमानपत्रामुळे. २५ ऑक्टोबर १८५४ रोजी क्रिमियातल्या बॅलाक्लाव्हा इथे एका चुकीच्या समजुतीने दिलेल्या हुकमावरून सहाशेच्या वर घोडेस्वार थेट तोफांच्या तोंडी गेले. त्याची बातमी वाचून टेनिसनने कविता लिहिली आणि ९ डिसेंबरला ती एका साप्ताहिकात छापूनही आली. त्या वेळी तो ब्रिटनचा राजकवी होता, तरी कवितेत स्पष्ट म्हणतो की कुणाची तरी घोडचूक झाली होती, आणि शिपायांना ती कळलीही होती. (घोडदळाच्या बाबतीत हा मराठी शब्द जरा जास्तच चपखल बसतो, त्याला माझा इलाज नाही.) पुढच्याच वर्षी पुस्तकात घेताना त्याने ही ओळ काढून टाकली होती आणि नंतर परत घातली. स्वतः कवीला जी ओळ गाळल्यावर चैन पडले नाही, ती आपल्या पानावर पुन्हा गळालेली पाहून मला हसावे की रडावे कळेना. 'का म्हणून विचारणे आपले काम नव्हे' एवढेच छापले की ती आज्ञाधारकपणाची कविता होते. घोडचुकीची ओळ राहू दिली, की हुकूम सोडणाऱ्यांवरचा ठपकाही तिच्यात दिसू लागतो.

किपलिंगच्या 'इफ'बद्दल मी थोडा उतावीळ होतो, हे खरे. ती चांगली कविता आहे, पण तिला एकटी सोडू नये. १९१० साली ती पुस्तकात आली. बाप मुलाला सांगतो आहे की हे हे जमले तर तू खरा पुरुष होशील. पाच वर्षांनी किपलिंगचा स्वतःचा मुलगा जॉन अठराव्या वर्षी पहिल्या महायुद्धातल्या लूसच्या लढाईत मारला गेला. नजर अधू म्हणून सैन्याने त्याला आधी नाकारले होते. वडिलांनी वजन खर्च करून त्याला भरती करवले होते. १९१९ मध्ये त्याच किपलिंगने युद्धात मेलेल्यांच्या तोंडी दोन ओळी घातल्या. त्यांचा आशय असा: आम्ही का मेलो असे कुणी विचारलेच, तर सांगा, आमचे बाप खोटे बोलले. 'इफ' छापताना खाली या दोन ओळी छापायला किती जागा लागली असती? मला तर या दोन ओळी लिहायला 'इफ'पेक्षा जास्त छाती लागली असेल असे वाटते.

हेन्लीच्या 'इन्व्हिक्टस'चा शेवट, मीच माझ्या नशिबाचा धनी वगैरे, यशाचे धडे देणाऱ्यांनी इतका वापरला आहे की तो कानांवरून जातो. ती लिहिणारा पंचविशीतला तरुण एडिंबरोच्या इस्पितळात पडून होता, हाडांच्या क्षयाने एक पाय आधीच कापलेला, दुसरा वाचवायची धडपड जोसेफ लिस्टर या शल्यविशारदांकडे चाललेली. एवढे एक वाक्य सोबत दिले असते तरी पुरे होते.

आता निवडीबद्दल एकच बोलतो, आधी नाही म्हटले असले तरी. आपल्या पानावर एकही स्त्री नव्हती आणि एकही संत नव्हता. जणू धैर्य फक्त तलवार, घोडा आणि समुद्र यांच्या आसपासच राहते. समुद्राचा विषय निघाला म्हणून सांगतो, 'कोलंबसाचे गर्वगीत' मलाही तोंडपाठ आहे आणि म्हणताना आजही आवाज चढतो. फक्त पलीकडच्या किनाऱ्यावर जे लोक आधीपासून राहत होते त्यांना त्या गर्वाचे काय मोल मोजावे लागले, हा विचार हल्ली त्या गाण्यातून जाता जात नाही.

बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. ऐन तिशीत वैधव्य आले, पदरी लहान मुले. त्या काळातले एक गाणे आहे. त्यात त्या म्हणतात, नशिबाची रेघ माझ्या कुंकवाखाली लपलेली होती, कुंकू पुसले गेले आणि ती उघडी पडली. एखादी बाई इथे थांबली असती तरी ते गाणे थोर ठरले असते. बहिणाबाई पुढे जातात आणि हात बघायला आलेल्या जोतिष्याला दारातूनच परत पाठवतात:

नको नको रे जोतिषा
नको हात माझा पाहू
माझं दैव माले कये
माझ्या दारी नको येऊ

माझे दैव मला कळते. हेन्ली इस्पितळातून जे सांगतो तेच हे, पण इथे आवाज चढवलेला नाही. शिवाय बोलणारी बाई खेड्यातली आहे, ऐकणारा पंचांगवाला आहे, आणि विधवेने शुभाशुभावर बोलू नये असे मानणारा गाव भोवती आहे. तळहातावरच्या त्या नुसत्या रेघोट्या, त्यांत कसले नशीब, असेही त्या त्याला सुनावतात. ही गाणी त्यांच्या हयातीत पुस्तकरूपाने आली नाहीत. १९५१ मध्ये त्या गेल्या आणि पुढच्या वर्षी अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती छापली गेली. धीराच्या कवितांचे मराठी पान या गाण्याशिवाय कसे लागू शकते, हे मला खरोखर समजत नाही.

तुकोबांचेही तसेच. 'रात्रंदिवस आम्हां युद्धाचा प्रसंग' हे चरण सगळ्यांना माहीत आहेत, पण पुढचे 'अंतर्बाह्य जग आणि मन' म्हटल्याशिवाय ते युद्ध कुणाशी आहे ते कळत नाही. शेवटी नामाच्या बळावर 'अवघियांचे काळे केले तोंड' म्हणताना त्यांचा ठसका पाहावा. पाइकीचे, म्हणजे शिपाईगिरीवरचे, अभंग तर आहेतच.

आणखी एक छोटी गोष्ट, दुरुस्ती म्हणून छापावी. 'कोशिश करने वालों की हार नहीं होती' ही हिंदी कविता आपण हरिवंशराय बच्चन यांच्या नावावर दिली आहे. ती सोहनलाल द्विवेदी यांची. मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांनी ही अदलाबदल घट्ट करून टाकली आहे आणि खुद्द बच्चन यांच्या मुलाने जाहीर खुलासा करूनही ती सुटत नाही. संदेश पुढे ढकलणाऱ्याला माफ करता येईल, छापील पानाला नाही.

पुढच्या वेळी दहा कवितांचे तुकडे देण्याऐवजी तीनच द्याव्यात, पण पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, कवीचे साल आणि प्रसंग दोन ओळींत सांगून. कविता हयात कवीची किंवा हक्क राखीव असलेली असेल तर रीतसर परवानगी घ्यावी लागेल, त्यात वेळ जाईल, हे मान्य. बहिणाबाई आणि तुकोबा यांच्यासाठी ती अडचण नाही, तेव्हा सुरुवात तिथून करता येईल. पानावर जागा कमी पडली तर माझे हे पत्र खुशाल कापा.

कळावे,
आपला एक नियमित वाचक