केसाडियात गोम मैद्याची

संपादक महोदय,

‘कोक ओ व्हँ’ या वाइनमधल्या फ्रेंच चिकनचं केसाडिया, म्हणजे चीज आणि सारण भरून भाजलेली मेक्सिकन पोळी, करताना मधुमेहींनी आधी तोर्तियाकडे, म्हणजे त्या पोळीकडेच पाहावं. मैद्याच्या आठ इंची तोर्तियात साधारण 25 ग्रॅम कर्बोदकं असतात. एकावर एक दोन ठेवले की 50. म्हणून माणशी एकच, जास्त तंतूंचा घ्यावा आणि दुमडावा.

मूळ कृतीत रस्सा दाट करायला लोणी-मैद्याचा गोळा घालतात. तो वगळावा, आटवूनच दाटपणा येतो. खारवलेलं डुकराचं मांसही नको, मीठ फार.

दोघांसाठी 150 ग्रॅम मशरूम मीठ न घालता मोठ्या आचेवर, कडा तपकिरी होईपर्यंत परतावेत. मग थोड्या तेलात एक छोटा कांदा, लसूण, थाईम (एक सुगंधी पाला), 200 ग्रॅम बोनलेस चिकनचे बारीक तुकडे आणि 150 मिली ड्राय, म्हणजे गोड नसलेली, रेड वाइन. चिकन शिजल्यावरही आटवत राहावं. पळीने तळाशी ओढलेली रेघ लगेच मिटली, तर सारण अजून ओलं आहे. इथेच बहुतेकांची घाई नडते आणि तोर्तिया लिबलिबीत होतो. सारण गार करून, खालीवर मिळून 30 ग्रॅम चीज पसरावं. तेच कडा चिकटवतं. मग दुमडून मध्यम आचेवर भाजावं, झाकण अजिबात नको.

आटवूनही थोडं अल्कोहोल उरतंच. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारावं, नाहीतर बिनमिठाचा चिकन स्टॉक आणि चमचाभर व्हिनेगर वापरावं. रंग फिका येईल, एवढंच.

– एक वाचक