पोरांचा मोबाईल काढून घ्याल, पण काकांच्या मोबाईलचं काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात एक पत्र आलं होतं, की आजकालच्या पोरांना वळणच राहिलेलं नाही, घरात कोण मोठं माणूस आलं तरी मान वर करत नाहीत, काही विचारलं तर "हं" एवढंच उत्तर, आणि ह्या सगळ्याला मोबाईल जबाबदार असून शाळांनी आणि सरकारने काहीतरी कडक करायला हवं. वाचलं, अर्धं पटलं. उरलेलं अर्धं का पटलं नाही ते लिहितो, जरा लांबलं तर सांभाळून घ्या. कापायचं झालं तर मधून कापा, शेवटचं ठेवा, शेवटी काम आहे.

शाळांचं म्हणाल तर आमच्या भागातल्या शाळांत मोबाईल आणू देतच नाहीत, सापडला तर पालकांना बोलावून घेतात. म्हणजे पोर सकाळपासून दुपारपर्यंत मोबाईलशिवाय आरामात राहतं. खरा प्रश्न घरी आल्यावर सुरू होतो, आणि घरी मास्तर नसतो, आपण असतो.

मुळात तो पोरांच्या हातात आला कसा ते पण आठवूया ना. 31 जुलै 1995 ला पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीला केंद्रातले दूरसंचार मंत्री सुखराम यांना फोन लावला, तो देशातला पहिला मोबाईल कॉल. त्यानंतर बरीच वर्षं आलेल्या कॉलचेसुद्धा पैसे पडायचे, त्यामुळे माणसं "पोचलो, ठेवतो" एवढं बोलून मोकळी व्हायची, नाहीतर मिस कॉल. 2016 च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि नेट पाण्याच्या भावात मिळायला लागलं. तरी तोपर्यंत घरातला मोबाईल मोठ्यांचाच असायचा, पोरांना गेम खेळायला मागून घ्यावा लागायचा, अभ्यास झाला का विचारून आपण द्यायचो. 2020 ला कोविडमध्ये शाळा बंद पडल्या आणि आपणच तो त्यांच्या हातात दिला, इलाज नव्हता. आपल्या गोव्यातल्या सत्तरी, सांगे भागात तर नेटवर्क मिळेना म्हणून पोरं डोंगरावर जाऊन क्लासला बसायची. नंतर शाळा उघडल्या, मोबाईल मात्र परत आला नाही, आणि खरं सांगायचं तर कोणी तो मनापासून परत मागितलाही नाही, कारण पोर एका कोपऱ्यात गप्प बसतं हे सगळ्यांच्याच सोयीचं होतं.

त्याहून लहान पोरांचं तर विचारूच नका. मध्ये एका लग्नाला गेलो होतो, हॉलमध्ये आमच्या समोरच्या टेबलावर दीडेक वर्षाचं पोर, त्याच्यापुढे पाण्याच्या ग्लासाला टेकवून ठेवलेला मोबाईल, त्यात कार्टून, आणि आई घास भरवते. पोर तोंड उघडतंय, गिळतंय, काय खातोय ते त्याला ठाऊक नाही, भरवणाऱ्याच्या तोंडाकडे एकदासुद्धा बघत नाही. ह्यात आईलाच बोल लावू नका हां, तिला निदान ते जेवावं ही तरी काळजी होती, बाप फोन कानाला लावून बाहेर फेऱ्या मारत होता आणि आजोबा व्हॉट्सॅपवर वधूवरांचे फोटो टाकत होते. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्येच सांगितलंय की वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन नकोच आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभराच्या वर नको, त्यातही कमी तेवढं बरं. आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने, त्याहून सरळ सांगितलंय, दोन वर्षांपर्यंत अजिबात नाही, सूट फक्त एका गोष्टीला, अधूनमधून नातेवाईकांशी व्हिडिओ कॉल. साधी गोष्ट आहे, बाळ बोलायला शिकतं ते समोरच्याच्या तोंडाकडे बघून, आपण "आ" केलं की ते "आ" करतं, त्याने काही आवाज काढला की आपण उत्तर देतो. कार्टून उत्तर देत नाही. आणि दुसऱ्याने बोललं की आपण उत्तर द्यायचं असतं हे जर ह्या वयात अंगात मुरलं नाही तर दहाव्या वर्षी "अरे पाहुण्यांना नमस्कार कर" म्हणून ओरडण्यात काय अर्थ आहे सांगा.

पूर्वी तिन्हीसांजेला दिवा लागला की आमच्याकडे पोरं शुभंकरोती म्हणून घरातल्या सगळ्या मोठ्यांच्या पाया पडायची, आणि शेजारच्या किरिस्तांव म्हणजे ख्रिस्ती घरात रोजरीची प्रार्थना संपली की पोरं एकेका मोठ्याकडे जाऊन बेसांव, म्हणजे आशीर्वाद, मागायची. पद्धत वेगळी पण गोष्ट एकच, दिवसातून एकदा तरी घरातल्या प्रत्येक माणसापुढे जाऊन उभं राहायचं आणि त्याने तुझ्याकडे बघायचं. आता पोर चुकून आलंच पाया पडायला तर आजोबा एका हाताने स्क्रोल करत दुसरा हात त्याच्या डोक्यावर ठेवतात. मग ते पोर दुसऱ्या दिवशी येत नाही, त्याचं काय चुकलं?

आता मी बोलतो माझ्या प्रांतातलं. मी गावच्या नाटकात प्रॉम्प्टिंग करतो, म्हणजे विंगेतून नटांना पुढचं वाक्य देतो. जत्रेला आणि इतर उत्सवाला आमच्याकडे मराठी नाटक होतं हे तुमच्या वाचकांना सांगायला नको, अख्ख्या गोव्यात गावोगाव होतं. ज्यांनी विंगेत उभं राहून समोर बघितलंय त्यांनाच कळेल की हल्ली काय दिसतं. काळोखात दोन-अडीचशे माणसं बसलेली आणि मध्ये मध्ये निळे उजेड, खालून तोंडावर पडलेले. दुकानदार, पंचायतीचे लोक, बँकेतून रिटायर झालेले, पुढच्या दोन रांगा तर सगळ्या प्रतिष्ठित माणसांच्या. पोरं खाली चटईवर बसून नाटक बघत असतात हो, निदान भांडणाचा सीन येईपर्यंत तरी! आणि पुढच्या रांगेत रिंग वाजते, फुल आवाजात, साहेब खिसे चाचपडतात, चष्मा शोधतात, नाव वाचतात, आणि उचलतात. उचलून सांगतात काय, "हांव नाटकाक बसलां, मागीर उलयतां," म्हणजे नंतर बोलतो. ते सगळ्या मंडपाला ऐकू जातं. स्टेजवर त्या वेळी संभाजी मरणाच्या दारात उभा, पोराने तीन महिने रात्री जागून पाठ केलेलं भाषण, त्याची लिंक तुटते, तो माझ्याकडे बघतो आणि मी पुढचं वाक्य जोरात दिलं तर तेही लोकांना ऐकू जाणार.

मुंबई-पुण्याकडच्या काही नटांनी मोबाईल वाजला म्हणून प्रयोग थांबवल्याच्या बातम्या आपण वाचल्यात. आमच्याकडे ते जमत नाही, कारण ज्याचा मोबाईल वाजतो त्याने बहुतेक वेळा मंडपाची नाहीतर ऑर्गनवाल्याची देणगी दिलेली असते. थांबवणार कोण?

पालखीचं तेच. पालखी दारात आली की पूर्वी हात जोडलेले दिसायचे, आता हात वर आणि हातात मोबाईल, आणि मागच्याला देव दिसतच नाही, पुढच्याच्या स्क्रीनमध्ये दिसतो तेवढाच. भजनाला तर नवीनच भानगड सुरू झालीय, अभंग आता कोणाला पाठ नाहीत, वही पण कोणी आणत नाही, सगळे मोबाईलमध्ये बघून म्हणतात, आणि मध्येच कोणाचा तरी कॉल आला की अक्षरं जातात आणि विठ्ठल तिथेच अडकतो. तबलजी बिचारा ठेका धरून बसतो.

बसमधलं सांगायची गरज आहे का? डिचोलीहून पणजीला सकाळच्या बसने या, चार सीटवर चार रील, चारही स्पीकरवर, एकात बाबा प्रवचन देतोय, एकात कोणी तरी पडतोय आणि लोक हसतायत. इअरफोन घाला म्हटलं तर असं बघतात की जशी मीच त्यांच्या घरात घुसून तक्रार केली. लक्षात घ्या, ह्यात कॉलेजची पोरं कमी असतात, त्यांच्या कानात निदान इअरफोन असतो. स्पीकरवाले बहुतेक माझ्याच वयाचे. आपण टुरिस्टांना शिव्या घालतो, पर्रा गावच्या माडांच्या रस्त्यावर मधोमध उभे राहून रील करतात म्हणून, आणि बरोबरच घालतो, पण हेल्मेटमध्ये मोबाईल खुपसून बोलत स्कूटर चालवणारा काय दिल्लीहून आलेला असतो? हातात मोबाईल धरून गाडी चालवली तर 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच गुन्ह्याला एक हजार ते पाच हजार दंड आणि सहा महिन्यांपासून वर्षापर्यंत कैदसुद्धा होऊ शकते. बसच्या स्पीकरला मात्र कोण दंड करणार, तिथे कंडक्टरने "आवाज उणो कर रे" म्हणायला पाहिजे, आणि काही कंडक्टर म्हणतातही, पण काहींचा स्वतःचाच चालू असतो.

आणि तोंडाने जे कोणी बोलणार नाही ते मोबाईलवर लिहिणं, हे तर पोरांपेक्षा मोठ्यांचंच काम. मराठी-कोकणी वाद घ्या, गोव्याची राजभाषा कुठली हा. वाद जुना आहे, 1987 च्या राजभाषा कायद्याच्या आधीपासूनचा, त्यावर गावात, बाजारात, सोप्यावर बसून लोक तावातावाने बोलायचे, उठताना मात्र एकमेकांना "येतां हां" म्हणूनच उठायचे, कारण दुसऱ्या दिवशी त्याच दुकानावर भेटायचं असायचं. आता त्याच विषयावर फेसबुकवर कमेंट वाचा, दोन्ही बाजूंच्या, एकमेकांच्या आयाबहिणी काढलेल्या असतात, आणि फोटो बघितला तर साठी ओलांडलेला, पाठीमागे चवथीला गणपतीवर बांधतात ती फळाफुलांची माटोळी. ग्रामसभा तर आता भांडण सोडवायला नसतेच, रेकॉर्ड करायला असते, दोघं भांडतात आणि दहाजण मोबाईल वर धरतात, आणि रेकॉर्डिंग होतंय म्हटल्यावर भांडणाऱ्यालाही माघार घेता येत नाही.

ऑस्ट्रेलियाने 10 डिसेंबर 2025 पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना सोशल मीडियाची अकाउंट्स बंद केली, आपल्याकडेही तसं करा म्हणणारे खूप आहेत. करा, माझी हरकत नाही. फक्त पहाटे पाच वाजता कमळाच्या फुलावर गुड मॉर्निंग लिहून चाळीस जणांना उठवणारे काका कुठल्या कायद्यात बसवणार?

मोबाईल वाईट असं मला म्हणायचं नाही. आमच्या वाड्यावर कोणाचा मुलगा शिपवर, कोणाची मुलगी दुबईत, कोणाचं अख्खं घर इंग्लंडात. पूर्वी शिपवरून फोन यायचा तो बंदराला लागल्यावर, आठवडे जायचे, आई वाट बघायची. आता ती रोज नातवाला बघते, आज दात आला, आज उभा राहिला. तेवढा वेळ ती अशी बसते, पदर बिदर नीट करून, डोळे स्क्रीनवरून न हलवता, मध्ये कोणी आलं तर हाताने थांब म्हणते. मला वाटतं मोबाईलवर इतक्या मन लावून वागणारी तेवढी एकच पिढी उरलीय.

आता काम. जत्रांचा सीझन तोंडावर आलाय. गावोगावच्या नाटक कमिट्यांना माझी एवढीच विनंती, की मोबाईल बंद ठेवा ही अनाऊन्समेंट नुसती सुरुवातीला करून उपयोग नाही, ती प्रत्येक अंकाआधी करा, आणि पुढच्या रांगेतल्या मान्यवरांना शाल-श्रीफळ देता ना, तेव्हाच स्टेजवर त्यांना आपापला मोबाईल सायलेंट करायला सांगा, सगळ्यांसमोर, पहिल्यांदा देणगीदाराला. खाली चटईवरची पोरं बघतील. आमच्या कमिटीत मी हे मांडलं तेव्हा "बरें दिसना" म्हणून बाजूला पडलं. त्यामुळे हे पत्र जत्रेच्या आधी छापलंत तर फार बरं होईल, ग्रुपवर टाकलं तर कमिटीवाले न वाचताच नमस्कार नाहीतर अंगठा टाकून मोकळे होतात, पेपर मात्र अजून वाचतात.

आपला,
एक वाचक, डिचोली