मुलांच्या पानावर घरातल्या वस्तू येऊ द्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतलं मुलांचं पान मी दर आठवड्याला जपून ठेवते. जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलं, ती सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही. दिवाळीच्या आदल्या रविवारी त्या पानावर खिडकी सजवायची कृती होती. साहित्य काय, तर ग्लू गन, ॲक्रिलिक रंग, ग्लिटर आणि थर्माकोल. यातलं काहीही आमच्या गावात मिळत नाही, एसटीनं दारव्ह्याला जावं लागतं. शिवाय थर्माकोलच्या सजावटीवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. शेजारची पाचवीतली मुलगी ते मोठ्यानं वाचत होती. यादी संपली तशी तिनं पानाची घडी केली आणि माझ्या हातात दिली. "हे आपल्यासाठी नाही नं, आजी." मला ते फार लागलं, म्हणून हे पत्र.

दिवाळीच्या सुट्ट्या म्हणजे आमच्याकडे ऐन कापूस वेचणी. मजुरी किलोवर मिळते, त्यामुळे बायांना एक दिवसही घरी बसणं परवडत नाही. सकाळी त्या वावरात गेल्या की पोरं दिवसभर मोकळी. यंदा अशी सात पोरं माझ्या ओसरीवर जमली होती. त्यांना म्हटलं, घरात जे असेल ते घेऊन या, विकत काही आणायचं नाही. मागच्या वर्षीच्या वह्यांचे कोरे कागद आले, लग्नपत्रिका आल्या, आईच्या जुन्या बांगड्या आल्या, मेणखडूचे तुकडे आले. एकानं जळणातल्या तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या, आणल्या. चुलीवर कणकेची खळ मी शिजवून दिली: दोन चमचे कणीक आधी थंड पाण्यात गुठळ्या मोडून कालवायची, मग वाटीभर पाण्यात घट्ट होईपर्यंत ढवळायची. बुकबाइंडर खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद टाकतात. पोरांच्या खळीत ते कधीच घालू नये, विष आहे. ताजी खळ दोन दिवस टिकते आणि तेवढी पुरते.

सगळ्यांत रंगला तो तेलाचा कागद. वहीच्या कागदावर मेणखडूनं गडद चित्र काढायचं, कागद उलटा करून पाठीमागून कापसाच्या बोळ्यानं स्वयंपाकाचं तेल चोळायचं, पुसून घ्यायचं आणि रात्रभर रद्दीत दाबून ठेवायचं. तेल दोन-तीन थेंबच. पहिल्या दिवशी आमच्या हातून जास्त झालं आणि खिडकीखालच्या चुन्याच्या भिंतीवर डाग पडला. कागद आरपार का दिसायला लागतो, हे मी विचारलं तर एक पोरगा लगेच म्हणाला, "आलूबोंड्याच्या पुडीवानी!" त्याला बरोबर दिसलं होतं. कागदाच्या तंतूंमधल्या हवेमुळे उजेड विखुरतो, तेल त्या हवेची जागा घेतं आणि उजेड सरळ पलीकडे जातो. शाळेत हा धडा मी फळ्यावर शिकवत आले, पुडी हातात घेऊन कधी शिकवला नाही.

तुराट्यांची चौकट करून त्यावर ते कागद ताणून चिकटवले आणि सुतळीनं खिडकीच्या गजांना बांधले. माझी खिडकी पूर्वेला आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या भिंतीवर लाल-पिवळा उजेड पडला. "आजी, पाय वं, बैल भितीवर चढला!" एक पोरगा ओरडला. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोरांच्या लाकडी बैलांच्या सणाला, त्यानं जो बैल नेला होता, तोच कागदावर काढला होता. तो पट्टा सरकत खाली येईपर्यंत कोणी जागचं हललं नाही. त्या खिडकीत पणती मात्र ठेवू दिली नाही, तेलाचा कागद क्षणात पेटतो.

एक गोष्ट आवर्जून छापावी अशी विनंती आहे. पोरांना चकचकीत कागद हवा असतो आणि खेड्यात तो सहज सापडतो तो बियाण्याच्या आणि फवारणीच्या औषधांच्या पाकिटांत. आमच्या सातांपैकी दोघांनी तीच पाकिटं चांदणीसाठी धुऊन आणली होती. मी ती लगेच काढून घेतली आणि त्यांचे हात साबणानं धुवायला लावले. २०१७ साली फवारणीच्या विषबाधेनं यवतमाळ जिल्ह्यानं किती शेतमजूर गमावले, ते आम्ही जवळून पाहिलं आहे. धुतलेल्या पाकिटातही विष राहू शकतं, हे त्या पोरांच्या आयांनाही मी त्या संध्याकाळी वावरातून आल्यावर सांगितलं. त्यांना हे कोणी सांगितलंच नव्हतं.

राहिलेल्या रद्दीच्या जाळ्या केल्या. चौरसाच्या तीन घड्या घातल्या की एकच काप आठ ठिकाणी उमटतो, यावर पोरांचा सुरुवातीला विश्वास बसेना.

पानाची घडी करून देणारी ती मुलगी टिनाच्या एका खोलीत राहते. तिच्या घराला खिडकी नाही. तिनं आपला कागद नेला आणि दाराच्या वरच्या फटीत बसवला. आता दुपारी पश्चिमेचं ऊन आलं की रंग चुलीजवळच्या भांड्यांवर पडतो, असं तिची आई मला विहिरीवर सांगत होती.

आपल्या पानासाठी लिहिणाऱ्यांना एवढं सांगावं, की यादी लिहिताना निदान एक कृती अशी द्या, जिचं साहित्य किराण्याच्या दुकानातून नव्हे तर घरातल्या फडताळातून निघेल. आणि कुठल्या वस्तूला हात लावू नये, हेही त्याच चौकटीत द्या. सोबत मुलांनी केलेली एक जाळी आणि एक तेलाचा कागद पाठवत आहे. तेलाचा कागद वेगळ्या पिशवीत घातला आहे, उघडताना बाकीच्या टपालाला लागू देऊ नका.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
ता. दारव्हा, जि. यवतमाळ