एका भाषणामागची एकोणतीस वर्षे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात गेल्या रविवारी १९९१ च्या अर्थसंकल्पावर जो लेख आला, त्यात तेव्हाचे अर्थमंत्री डॉ. मनमोहन सिंग यांची सगळी कारकीर्द २४ जुलैच्या भाषणाच्या एका संध्याकाळी आटोपलेली पाहून हे पत्र लिहिणे मला आवश्यक वाटले. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) मी सव्वीस वर्षे हिशेब आणि निर्यातीची कागदपत्रे सांभाळली आहेत. त्या काळातील बदल मी परवान्यांच्या अर्जांत आणि बँकेच्या चलनांत प्रत्यक्ष पाहिले, आणि म्हणूनच ‘ज्या कल्पनेची वेळ आली आहे तिला जगातली कोणतीही शक्ती रोखू शकत नाही’ या त्या भाषणाच्या शेवटाकडच्या प्रसिद्ध वाक्यापेक्षा त्यामागची तयारी मला मोठी वाटते.

आज पाकिस्तानात असलेल्या गाह नावाच्या खेड्यात १९३२ साली जन्मलेला आणि फाळणीत घर सोडून अमृतसरला आलेला हा मुलगा पुढे केंब्रिजला शिकला आणि १९६२ मध्ये ऑक्सफर्डची डॉक्टरेट मिळवून बसला. त्यांच्या प्रबंधाचा विषयच भारताची निर्यात हा होता. आपला माल बाहेर का जात नाही, याचे खापर परदेशी बाजारावर फोडण्याची रीत असलेल्या त्या दिवसांत त्यांनी दोष आपल्याच अंतर्मुख (देशी बाजारापुरते पाहणाऱ्या) धोरणात अधिक असल्याचे मांडले. नंतर संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार व विकास परिषदेतील नोकरी, दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील प्राध्यापकी, १९७२ पासून मुख्य आर्थिक सल्लागार, १९७६ पासून अर्थखात्याचे सचिव, १९८२ ते १९८५ रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर, त्यापाठोपाठ नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष, असा त्यांचा प्रवास झाला. नागरी सहकारी बँकांसाठी रिझर्व्ह बँकेत स्वतंत्र विभाग सुरू झाला तो त्यांच्याच कारकिर्दीत, आणि गल्लोगल्ली सहकारी बँकेची पाटी असलेल्या आपल्या कोल्हापुरात तरी ही गोष्ट माहीत असायला हवी. जून १९९१ मध्ये अर्थमंत्री व्हावे असा, पंतप्रधान होणाऱ्या नरसिंह रावांचा निरोप पोहोचवायला पी. सी. अलेक्झांडर (जे पुढे आपल्या महाराष्ट्राचे राज्यपाल झाले) त्यांच्याकडे गेले, तेव्हा ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते आणि संसदेच्या कोणत्याही सभागृहाचे सदस्य नव्हते.

त्या वर्षी देशाकडे जेमतेम दोन आठवड्यांच्या आयातीपुरते परकीय चलन उरले होते, हे वाक्य आता पाठ्यपुस्तकातले झाले आहे. आमच्याकडे त्याचा अर्थ असा होता की, मोल्डिंग मशीनचा एक पंप परदेशातून मागवायचा म्हणून आम्ही बँकेत गेलो, तर पतपत्र (विक्रेत्याला पैसे मिळण्याची बँकेची हमी) उघडण्यासाठी पंपाच्या किमतीच्या दुप्पट रोख रक्कम आधी भरा, असे सांगण्यात आले. तेवढी रोकड कारखान्यात नव्हती. मशीनवर ताडपत्री टाकून ठेवली आणि त्या शिफ्टच्या कामगारांना हाताने साचे करायला लावले. ती ताडपत्री मला अजून डोळ्यांसमोर दिसते.

मग १ आणि ३ जुलैला, दोन टप्प्यांत, रुपयाचे अवमूल्यन झाले आणि डॉलर सुमारे २१ रुपयांवरून २६ च्या आसपास गेला. एकाच आठवड्यात मी त्याच कास्टिंगच्या बिलाचा रुपयांतला हिशेब दोनदा बदलला. मालक खूश झाले, पण लगेच दुसऱ्या दिवशी निर्यातीवरचे रोख अनुदान बंद झाल्याची बातमी आली आणि ते अस्वस्थ झाले. मला मात्र, पुढे कधीतरी त्या प्रबंधाविषयी वाचले तेव्हा, या दोन निर्णयांतला धागा लख्ख दिसला. परवाने आणि अनुदाने यांच्या टेकूवर निर्यात उभी करण्यापेक्षा चलनाचा भाव खरा ठेवावा, हे ज्याने तिसाव्या वर्षी अभ्यासून ठेवले होते, त्याला एकोणसाठाव्या वर्षी महिन्याभरात निर्णय घेता आला. त्याच महिन्यात रिझर्व्ह बँकेचे सुमारे ४७ टन सोने परदेशी बँकांकडे तारण म्हणून गेले. घरातले सोने गहाण टाकणे म्हणजे काय, हे गुजरीत, म्हणजे आपल्या सराफ बाजारात, गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, आणि ज्याने त्याच तिजोरीचे गव्हर्नरपद भूषवले होते त्याला ते किती जड गेले असेल याची मी कल्पना करू शकतो.

परंतु लेखकाने केवळ गौरव केला, तेही मला मान्य नाही. अर्थसंकल्पाने खतांचे भाव ४० टक्क्यांनी वाढवले ते ऐन उसाच्या आडसाली (पावसाळ्यातल्या) लागणीच्या दिवसांत. शिरोळ तालुक्यात माझे थोरले बंधू आमचा अडीच एकर ऊस पाहत. सरी सोडून झाली होती आणि पोती आणायची राहिली होती. खुद्द काँग्रेसच्या खासदारांनी विरोध केल्यावर वाढ ३० टक्क्यांवर आली आणि अल्पभूधारकांना सूट मिळाली. तेथे डॉ. सिंग यांनी हट्ट धरला नाही, हे त्यांच्यातला मंत्री घडत असल्याचे लक्षण मी मानतो. खरी चूक पुढच्या वर्षी झाली. ऑगस्ट १९९२ मध्ये स्फुरद आणि पालाशयुक्त खते (डीएपी, पोटॅश यांसारखी) नियंत्रणमुक्त झाली आणि युरिया मात्र नियंत्रणात राहून उलट स्वस्त झाला. परिणामी भरणीला (उसाला माती लावताना) डीएपी आणि पोटॅशचा हात आखडला आणि युरियाचा सैल सुटला. आमच्या रानाने हे सोसले आहे. अर्धवट सुधारणा कधीकधी न केलेल्या सुधारणेपेक्षा महाग पडते, आणि एवढ्या जाणकार अर्थमंत्र्याच्या काळात ती व्हावी याचे मला आजही वाईट वाटते.

१९९२ च्या हर्षद मेहता शेअर घोटाळ्याच्या चौकशीनंतर त्यांनी राजीनामा देऊ केला होता, याचाही उल्लेख लेखात हवा होता. तसेच रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नरपद भूषवून देशाचे अर्थमंत्री झालेले दुसरे गृहस्थ म्हणजे आपले महाडजवळच्या नाते गावचे चिंतामणराव देशमुख. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये अर्थमंत्रिपद सोडून ते विद्यापीठ अनुदान आयोगावर गेले, तर डॉ. सिंग त्याच आयोगावरून अर्थखात्यात आले.

माझी नात येथील महाविद्यालयात वाणिज्य शाखेत शिकते. तिला त्या भाषणातले ते शेवटाकडचे वाक्य तोंडपाठ आहे, पण त्याआधीची राजकोषीय तूट (सरकारचा उत्पन्नापेक्षा जास्तीचा खर्च), व्याजाचा बोजा आणि परकीय कर्ज यांची सरळ मांडणी तिने वाचलेली नाही, कारण ती तिला मराठीत कोठे मिळाली नाही. येत्या २४ जुलैच्या अंकात आपण त्या भाषणाच्या पहिल्या भागाचा मराठी अनुवाद छापावा, अशी माझी विनंती आहे. जागेची अडचण असल्यास तो दोन रविवारी विभागून दिला तरी चालेल.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त हिशेबनीस,
राजारामपुरी, कोल्हापूर