तुझ्या घरात शूटिंग झालं

प्रिय गजा,

दिवाळीपासून तुला पत्र नाही. फोनवर आपलं हो-नाहीच चालतं, आणि हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. अमरावतीकडची कॉलेजची पोरं तुझ्या घरात शूटिंग करून गेली. तू "दे ना बे चावी" म्हणालास, म्हणून दिली. छोटीशी फिल्म आहे, गाव सोडून गेलेला माणूस बऱ्याच वर्षांनी घरी येतो त्याची. हिरो तुझ्यापेक्षा देखणा, पण सायकल तुझ्यासारखीच चालवतो, हात सोडून, थेट नालीत.

गोष्ट आधी मला पटेना. त्यात तो भर पावसाळ्यात गाव सोडतो, कारण पाऊस चांगला दिसतो म्हणे! मी म्हटलं, बाबू, डवरणी-निंदणीच्या दिवसांत कोण जातं? कोरडवाहूत कापसाची शेवटची वेचणी झाली, पऱ्हाटी उपटली, की मृगापर्यंत हाताला काम नसतं. माणूस तेव्हा निघतो. त्यांनी लिहून घेतलं. जायला त्यांना शकुंतला, आपली ती छोटी नॅरोगेज गाडी, हवी होती. ती कधीची बंद! तू बडनेऱ्याहून महाराष्ट्र एक्स्प्रेसने गेलास, तेही सांगितलं.

मग तो सीन आला. हिरोने कुलूप काढून एका दमात दार उघडायचं. त्याच्याने हलेचना. कडी वर उचलून डाव्या फळीला खाली लाथ मारायची, हे त्याला कोण सांगणार? मी करून दाखवलं. दार उघडलं आणि सवयीने तोंडून निघून गेलं, "काकू, गजा हाये का?" कॅमेरा चालूच होता. पोरांनी ती हाक फिल्ममध्ये तशीच ठेवली.

काकूंची उतरंड जागेवर आहे रे. पण चुलीमागची भिंत फुगली, मधल्या खोलीवरची कवेलू सरकली. आणि स्टँडवर लोक बोलतात, गजा घर विकतोय. मी सगळ्यांना खोटं म्हणून सांगतो, पण रात्री झोप लागत नाही. 2017 ला, बोंडअळीच्या साली, तू बैलजोडी विकलीस तेव्हा मी महिनाभर तुझ्याशी बोललो नव्हतो. "सडला तो माझा कापूस, तुझा नाही," म्हणून तू चावडीवर ओरडलास. एक हंगाम थांबायला हवं होतं, माझं आजही तेच म्हणणं आहे. घराचं तसं करू नको. नड असेल तर मला सांग, तुरीचे पैसे आलेत.

आईचे गुडघे आहेत तसेच. तुझी शिफ्ट बदलली का? पोरीला दहावीत किती पडले ते कळव. वहिनींना नमस्कार.

कवेलू बदलायला माणूस सांगून ठेवलाय. मृगाआधी ये, भिंत स्वतः बघ, आणि विकणार की नाही ते मला तोंडावर सांग.

तुझा,
दिगू