चिऊ, टेक नाइनकडून काय घ्यायचं

प्रिय चिऊ,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं गाणं ऐकलं. टेक नाइन या अमेरिकन रॅपरसारखं भरभर म्हणायचं तुझ्या मनात आहे, तर आधी त्याची कारकीर्द नीट समजून घे. त्याचा वेग सगळ्यांना दिसतो. त्याने माणसं कशी जोडली आणि कशी टिकवली, ते बघायला थोडं खोलात जावं लागतं.

खरं नाव एरन येट्स, जन्म 1971, गाव कॅन्सस सिटी, मिसूरी. रॅपचा धंदा न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस आणि अटलांटात, आणि हा तिथून शेकडो मैल दूर. नव्वदच्या दशकात पर्स्पेक्टिव्ह या रेकॉर्ड कंपनीशी करार झाला, मग क्विन्सी जोन्सच्या क्वेस्टशी, पण दोन्हीकडून त्याचा स्वतःचा अल्बम काही निघाला नाही. 1999 मध्ये ट्रॅव्हिस ओग्विन भेटला. फर्निचरच्या धंद्यातला माणूस, संगीताच्या व्यवसायाचा अनुभव नाही, पण टेकच्या गाण्यांवर जीव. दोघांनी निम्म्या-निम्म्या भागीत ‘स्ट्रेंज म्युझिक’ ही रेकॉर्ड कंपनी काढली. 2001 चा ‘अँगेलिक’ बाहेरच्या कंपनीबरोबर काढला, तिच्याशी बिनसलं, आणि 2003 मध्ये तोच अल्बम त्यांनी स्वतः पुन्हा आणला. तेव्हापासून छपाई, गोदाम, टी-शर्ट, स्टुडिओ, सगळं हळूहळू घरचं होत गेलं. रेडिओ वाजवेना म्हणून ते गाडी घेऊन गावोगाव फिरले. 2011 मध्ये त्यांच्याच कंपनीचा टेकचा अल्बम ‘ऑल सिक्सेस अँड सेव्हन्स’ बिलबोर्डच्या, म्हणजे अमेरिकेतल्या खपाच्या, यादीत चौथ्या क्रमांकावर आला. त्यानंतरही फिरणं थांबलं नाही, 2012 च्या एका दौऱ्यात 99 दिवसांत 90 कार्यक्रम झाले. हा क्रम लक्षात ठेव. आधी वर्षानुवर्षं लहान लहान गावं झाली, यादी त्यानंतर आली.

त्याचे चाहते स्वतःला ‘टेक्निशियन’ म्हणवतात आणि कंपनीचं साप-वटवाघळाचं चिन्ह अंगावर गोंदवून घेतात. कार्यक्रमाआधी जादा तिकीट काढलेल्यांना तो भेटतो, हात मिळवतो, फोटो काढू देतो, आणि हे गावागणिक चालतं. पण माझ्या मते खरी गाठ बसली ती त्याने घरचं दुखणं गाण्यात आणल्यामुळे. त्याच्या आईला ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते तो आजार) आणि फेफरं होतं. 2009 च्या ‘के.ओ.डी.’ अल्बममध्ये ‘शो मी अ गॉड’ आहे. आईचे हाल बघून देवालाच जाब विचारणारं गाणं. 2014 मध्ये ती गेली. ज्यांच्या घरात असं आजारपण आहे, त्यांना हा माणूस आपला वाटतो, आणि त्याचा पुढचा अल्बम ते न ऐकताच विकत घेतात.

म्हणून तुझं आजारपणावरचं तिसरं कडवं काढू नकोस. तिथे ‘हॉस्पिटलच्या भिंती’ असं मोघम लिहिलंयस, ते मात्र बदल. डायलिसिसच्या खोलीत काय असतं ते लिही. आठवड्यातून तीनदा चार-चार तास, दंडावर फुगलेला फिस्चुला (सुया टोचण्यासाठी जोडलेली रक्तवाहिनी), त्याला बोट लावलं की आत जाणवणारी थरथर, पाण्याचा मोजून दिलेला पेला, मधेच पिपाणीसारखा वाजणारा अलार्म आणि तो बंद करायला येणारी सिस्टर. त्या खोलीत बसलेल्या माणसाला पहिल्या दोन ओळींत कळायला हवं की लिहिणारी इथे बसलेली आहे.

आता वेग. तुझा बीट 90 चा आहे, म्हणजे मिनिटाला 90 मात्रा. एका मात्रेत चार अक्षरं धरली तर सेकंदाला सहा, चार बारमध्ये (एक बार म्हणजे चार मात्रा) 64 जागा, आणि त्या पावणेअकरा सेकंदांत संपतात. तू 64 च्या 64 भरल्यास, श्वासाला जागाच नाही. म्हणून शेवटच्या ओळी गिळल्या जातात. दर दोन बारच्या अखेरीस दोन जागा रिकाम्या सोड. म्हणजे सेकंदाचा तिसरा हिस्सा मिळतो आणि तोंडाने झटकन श्वास घ्यायला तेवढा पुरतो. मग अक्षरं उरतात 60. मोजताना कागदावर मोजू नकोस, कानाने मोज. ‘घरात’ लिहिताना तीन, बोलताना दोनच.

मराठीत महाप्राण, म्हणजे श्वासाचा जोर लागणारी अक्षरं, सांभाळावी लागतात. ख, घ, ठ, ध, भ यांच्या प्रत्येक उच्चाराला हवा जाते. ओळीत असे पाच-सहा आले की दम लवकर सरतो, शिवाय फ आणि भ माईकवर धाडकन फुटतात. ळ आणि ण जवळजवळ आले की जीभ अडखळते, तुझ्या दुसऱ्या कडव्यात तेच होतंय. तिथे शब्द बदल, नुसता रियाज वाढवून ते सुटणार नाही. सराव 70 वर सुरू कर. चार बार सलग तीनदा स्वच्छ आले की चारने वाढव, अडखळलीस की चारने खाली ये. मग फोनवर रेकॉर्ड करून गाण्याचे शब्द न वाचलेल्या कुणाला तरी ऐकव आणि तो जे ऐकतो ते त्याला लिहायला सांग. जिथे चुकीचं लिहिलं जाईल तिथे तुझा उच्चार पडलाय. स्टुडिओत दोन-दोन ओळी तोडून रेकॉर्ड करतेस, हरकत नाही, पण जे कडवं एका दमात एकदाही आलेलं नाही ते रंगमंचावर नेऊ नकोस.

टेकबरोबर रंगमंचावर कित्येक वर्षं क्रिझ कॅलिको हा साथीदार गायक असायचा. ओळीचे शेवटचे शब्द दुसऱ्याने उचलले की मुख्य गाणाऱ्याला श्वास मिळतो. 2010 च्या टेकच्या दौऱ्यात जे रॉक नावाच्या रॅपरसाठी हेच काम रॅपर केंड्रिक लमार करत होता. तेव्हा तुझ्या मैत्रिणीला मागे नुसतं ‘हे, हो’ करत उभी करू नकोस, तिच्या कागदावर तिचे शब्द अधोरेखित करून दे. मागे वाजणाऱ्या ट्रॅकमध्ये पूर्ण गाणं ठेवू नकोस. हुक (पुन्हा पुन्हा येणारी ओळ) आणि मागचे आवाज पुरे. माईकची जाळी मुठीत धरायची सवय आजच मोड. जाळीमागच्या फटी झाकल्या की माईक चारही बाजूंचं ऐकायला लागतो, आवाज गढूळ होतो आणि मॉनिटर, म्हणजे रंगमंचावर तुझ्याकडे तोंड केलेला स्पीकर, शिट्टी मारतो. हात दांड्यावर, ओठ दोन बोटं लांब. साउंडमनला सांग, शंभर हर्ट्झखालचा, म्हणजे अगदी खालचा, आवाज काप.

टी-शर्ट पहिल्या खेपेला तीसच छाप, एम आणि एल जास्त, एक्सएल थोडे, एस चार-पाच. 180 जीएसएमचं (चौरस मीटरला 180 ग्रॅम) कापड बघ. छपाईच्या प्लॅस्टिसॉल शाईला साधारण 160 अंश सेल्सियसपर्यंत ताव बसावा लागतो. कमी पडला तर दुसऱ्या धुण्यात चित्राला भेगा जातात आणि तो चाहता पुन्हा काही घेत नाही. ताब्यात घेताना एक शर्ट ताणून बघ, शाई तडकली तर सगळा माल परत. विकायला कार्यक्रमानंतर तू स्वतः टेबलाशी उभी राहा. घेणाऱ्याला विचारून त्याचं नाव, गाव आणि नंबर वहीत लिही, म्हणजे पुढचा कार्यक्रम कुठे ठेवायचा ते तीच वही सांगेल. व्ह्यूजच्या आकड्यात इचलकरंजीचे किती आणि नगरचे किती, हे तिकीट विकायच्या वेळी कामाला येईल इतकं नेमकं कळत नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. आयपीआरएस, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था, तिचं सभासदत्व घे, शब्दांची मालकी तुझी म्हणून नोंदव, आणि प्रत्येक रेकॉर्डिंगला आयएसआरसी हा ओळख क्रमांक घे. कॉपीराइट कायद्याच्या 2012 च्या दुरुस्तीनंतर गीतकाराचा रॉयल्टीतला वाटा करारातसुद्धा काढून घेता येत नाही, तेव्हा कुणी ‘सगळे हक्क सोडले’ असं लिहून मागितलं तर सही करण्याआधी मला पाठव. बीट भाड्याचा असेल तर किती वाजवण्यांपर्यंत परवानगी आहे ते वाच. बीट बनवणाऱ्या मुलाशी वाटा किती ते आत्ताच ठरवून लिहून घे, गाणं चालायला लागल्यावर हा विषय काढला की मैत्री जाते.

बदललेलं तिसरं कडवं श्वासाच्या खुणांसकट पाठव. 90 वर जमत नसेल तर 84 वर पाठव, बीट खाली आणता येईल.

तुझी,
आई