मित्रास पत्र : होडीची उलांडी

मालवण

प्रिय अव्या,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. तारकर्लीला काढलेल्या फोटोतल्या होडीच्या एका अंगाला तो ओंडका कशाला, असं विचारलंस आणि पुढे ‘जुनाट प्रकार दिसतोय’ असंही लिहिलंस. ते ‘जुनाट’ वाचून राहवेना, म्हणून लगेच लिहायला बसलो.

त्याला उलांडी म्हणतात. ही होडी लांबट आणि अरुंद. अरुंद म्हणून पाणी कापत भरभर जाते, आणि अरुंद म्हणूनच कलंडायलाही वेळ लागत नाही. मग दोन आडव्या दांड्या टाकून, थोड्या अंतरावर हलक्या लाकडाची उलांडी बांधायची. होडी उलांडीकडे कलली की पाणी उलांडीला वर रेटतं. उलट बाजूला कलली की उलांडीचं वजन होडीला परत ओढतं. एक लाकूड दोन्ही बाजू सांभाळतं! बूड रुंद केलं असतं तरी होडी स्थिर झाली असती, पण वल्हवणाऱ्याचा दम निघाला असता आणि धक्का नसलेल्या पुळणीवर ती ओढून घ्यायला कितीतरी जास्त माणसं लागली असती.

दांड्या दोरीने आवळतात. लाटेवर होडी आणि उलांडी वेगवेगळ्या हलतात. तिथे खिळा असेल तर तो सैल होईल, नाहीतर लाकूड फाडेल. दोरी जरा ताणते आणि पुन्हा बसते. पूर्वी काथ्याचा सुंभ असे, आता नायलॉन. काथ्याने फळ्या शिवून केलेल्या जुन्या जहाजांतही हीच अक्कल होती. अजिंठ्याच्या चित्रातलं पाचव्या शतकातलं जहाज समोर ठेवून गोव्यात तसं एक बांधलं. मे २०२५ मध्ये कारवारला ते ‘कौंडिण्य’ नावाने नौदलात दाखल झालं. वाचलं असशील.

श्रीलंकेतला ओरू, म्हणजे तिथली उलांडीची होडी, तर मला फारच आवडतो. त्याला शीड असतं आणि उलांडी कायम वाऱ्याच्या बाजूला ठेवायची असते. मग वारा दुसऱ्या अंगावर घ्यायचा झाला तर? होडी फिरवतच नाहीत. दोन्ही टोकं सारखीच. शीड या टोकाकडून त्या टोकाला न्यायचं, की मघाचं मागचं टोक आता नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक. पॅसिफिक महासागरातल्या मायक्रोनेशिया बेटांवरच्या होड्याही अशाच चालतात.

आपल्याकडे होडीचं खरं काम रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून करायच्या मासेमारीला. जाळ्याची एक दोरी किनाऱ्यावर ठेवून होडी समुद्रात अर्धगोल फिरते, जाळं सोडत पुन्हा किनाऱ्याला लागते, आणि मग दोन्ही बाजूंनी माणसं ओढत राहतात. मासळीचे वाटे होतात. हल्ली फायबरच्या होड्या वाढल्या. लाकूड महाग, डागडुजी कटकटीची, त्यामुळे कुणाला दोष देता येत नाही. पण बांधणारे हात कमी होताहेत याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पावसाळ्यात येऊ नकोस, होड्या वर ओढून झापांनी शाकारलेल्या असतात. नारळी पौर्णिमा होऊन समुद्र शांत झाला की ये आणि रापण ओढायला हात लाव. तोवर तो फोटो मोठा करून पाठव. दांडीची गाठ नीट दिसायला हवी. इथल्या गाठींची चित्रं मी वहीत काढून ठेवतोय.

काकूंना नमस्कार.

तुझा,
दादू